वाचनखोलीच्या दोन वायरी

लिहायला बसण्याआधीच क्षमा मागायला हवी. कुंभकोणममध्ये आमच्यासारख्यांच्या घरी जी मराठी बोलली जाते, ती पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना जुनाट वाटते. ते हसतात, अर्थात मायेनेच, पण आम्ही बोलता बोलता थांबतो. लिहिण्याची मराठी मी चाळिशी उलटल्यावर पुस्तके समोर ठेवून शिकले. त्यामुळे माझी वाक्ये नव्या कोऱ्या कापडासारखी जरा ताठ उभी राहतात, हे मला कळते. शिवाय जे सांगायचे आहे, तेही एका नेत्ररुग्णालयातल्या संगणकाच्या वायरींविषयी आहे. अशा विषयावर माझ्यासारखीने लिहावे का, हा प्रश्न मनात ठेवूनच लिहिते आहे.

मी आयुष्यभर मुलींच्या महाविद्यालयात गणित शिकवले. निवृत्तीनंतर दुपारी रिकाम्या वाटू लागल्या, तेव्हा संगणकांच्या जाळ्याचा एक अभ्यासक्रम घरबसल्या केला. वर्गात सगळी मुले माझ्या विद्यार्थिनींच्या मुलांच्या वयाची होती. प्रश्न विचारायला मला संकोच वाटे, म्हणून उत्तरे मी स्वतःच शोधत बसे, आणि त्यामुळे थोडे अधिक शिकले असेन. पुढे आमच्याच भागातल्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयाला संगणकांकडे अर्धा दिवस पाहणारे कोणीतरी हवे होते. तिथले व्यवस्थापक माझ्या एका विद्यार्थिनीचे चिरंजीव. त्यांनी विचारले आणि मी हो म्हटले. तिथे सगळे मला ‘टीचर’ म्हणत.

या रुग्णालयाची माणसे तिरुनीलक्कुडी, इन्नंबूर, पापनाशम् अशा गावांत शिबिरे घेतात. मधुमेह असलेल्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढून आणतात. ते फोटो एका छोट्या खोलीत बसून कोणीतरी बारकाईने पाहायचे असतात. पडद्यावर कुठे रक्ताचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका आहे का, कुठे पिवळसर कण साचला आहे का, हे पाहून कोणाला डॉक्टरांकडे लगेच बोलवायचे, ते ठरते. या खोलीला वाचनखोली म्हणत. तिथे बसणाऱ्या बाई आमच्याच भाषेच्या. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात कोणत्याशा कामावर होते, असे त्या कधी गमतीने सांगत. स्वतः मात्र बरीच वर्षे याच रुग्णालयात चष्म्याचा नंबर काढण्याचे काम करत आल्या होत्या. फोटो वाचण्याचे शिक्षण त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर घेतले. उशिरा शिकणाऱ्या आम्ही दोघी. लवकरच आमची मैत्री झाली. दार लोटलेले असले की आम्ही घरच्या मराठीत बोलत असू आणि कोणी आत आले की तमिळमध्ये. आमचे बोलणे इथे आपल्याला सहज कळेल असे करून लिहिते.

रुग्णालयातले सगळे फोटो आणि शस्त्रक्रियांचे व्हिडिओ एका साठवणयंत्रात राहत. त्याला आम्ही दोघी ‘कोठार’ म्हणत असू. कोठाराच्या पाठीमागे जाळ्याची वायर लावण्यासाठी दोन पोर्ट होते, पण मी तिथे गेले तेव्हा एकच वापरात होता. दुपारी शस्त्रक्रियागृहातले व्हिडिओ कोठारात उतरू लागले की सगळ्या इमारतीचे काम मंदावे. मी दुसऱ्या पोर्टालाही वायर लावली आणि दोन्ही पोर्ट एकत्र बांधले. नुसत्या दोन वायरी लावून हे होत नाही. कोठाराला एकीकडे, आणि सगळ्या खोल्यांच्या वायरी जिथे येऊन मिळतात त्या स्विचला दुसरीकडे, या दोन वायरी आता एक समजायच्या असे सांगावे लागते. दोघांनी ते मान्य केले तरच जोडणी उभी राहते. असे केले की काम दोन वायरींवर वाटले जाते आणि एक बंद पडली तरी दुसरीवर चालू राहते.

मैत्रिणीने विचारले, “म्हणजे माझे फोटो आता दुप्पट पळणार?”

“तुझे एकटीचे नाही. तुझ्या मशीनचं कोठाराशी जे बोलणं चालतं, ते एकाच वायरीने जातं.”

“मग दुसरी कोणासाठी? शोभेला?”

मी पंगतीचे उदाहरण दिले. पंगतीत दोन वाढपी असतात, पण एका रांगेला एकच वाढतो. एकाच पानावर दोघे वाढू लागले, तर सांबाराच्या आधी रसम येईल आणि रसमाच्या आधी ताक. म्हणून रांगा वाटून घ्यायच्या. शस्त्रक्रियागृहाची रांग त्याची आणि तुझी याची, असे झाले की तुझ्या पानावर वेळेवर येते.

“आणि एक वाढपी मध्येच घरी गेला तर?”

“तर दुसरा सगळ्यांना वाढतो. उपाशी कोणी राहत नाही.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. “मला उपाशी राहायला आवडत नाही.” नंतर ती यंत्रांच्या खोलीत माझ्याबरोबर आली आणि मी त्या दोन वायरी, स्विचवरचे त्यांचे पोर्ट आणि त्यांच्या डोक्यावर लुकलुकणारे दोन हिरवे दिवे तिला दाखवले. तिने ते लक्षात ठेवले.

यानंतर आयुधपूजा आली. घरी आम्ही तिला अजून खंडेनवमीच म्हणतो. आमच्या गावात त्या दिवशी हत्यारे, वजनकाटे, गाड्या, शिवणयंत्रे, सगळे धुऊन-पुसून, चंदन-कुंकू लावून पूजेला ठेवतात, तसेच रुग्णालयातही होते. डोळे तपासण्याच्या यंत्रांपासून छपाईयंत्रापर्यंत सगळ्यांना चंदनाचे बोट आणि त्यावर कुंकू लागते. पोहे, चुरमुरे आणि सुंडल, म्हणजे उकडून फोडणी दिलेले हरभरे, असा प्रसाद होतो आणि विजयादशमीला यंत्रे पुन्हा सुरू होतात. पूजेचे बोट कोणी पुसत नाही. ते आपोआप वाळून झडेपर्यंत तसेच राहते. यंत्रांच्या खोलीची पूजा मैत्रिणीने हौसेने मागून घेतली होती. मी त्या वेळी बहिणीकडे गावाला गेले होते.

परतल्यावर रोजच्यासारखी मी काचेच्या दारातून यंत्रांकडे नजर टाकत राहिले. सगळीकडे चंदनाचे पिवळे ठिपके होते आणि त्यांमधून दिवे लुकलुकत होते. सारे सुरळीत वाटले.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत वाचनखोलीतले काम मागे पडू लागले. शिबिरातून आलेल्या फोटोंचे निकाल दुसऱ्या दिवशी मिळायचे ते तिसऱ्या, चौथ्या दिवशी मिळू लागले. व्यवस्थापक वाईट मनुष्य नव्हते; त्यांच्यावर विश्वस्तांचा दबाव होता. चेन्नईची एक कंपनी फोटो वाचून देण्याचे काम घ्यायला तयार होती. तसे झाले असते तर वाचनखोली बंद झाली असती आणि मैत्रीण पुन्हा चष्म्याच्या नंबराकडे गेली असती. ते काम हलके आहे असे मी म्हणत नाही. पण ही खोली तिने स्वतः शिकून मिळवली होती.

व्यवस्थापकांनी मला तिचा संगणक तपासायला सांगितले. मी सकाळी गेले. त्यांच्यासमोर तिने एक फोटो उघडला. तो क्षणात आला. दुसरा, तिसराही तसाच.

“टीचर, मशीन तर पळतंय,” ते म्हणाले.

“सकाळी पळतंच, सर,” मैत्रीण म्हणाली. “दुपारी बघा.”

“दुपारी काय होतं? जेवून मशीनला झोप येते की तुम्हाला, मॅडम?”

त्यांनी हे हसत म्हटले. दारात उभ्या असलेल्या परिचारिकाही हसल्या, मैत्रीणही हसली. मी मात्र हसू शकले नाही, कारण मशीन चांगले असल्याची ग्वाही नुकतीच माझ्याच तपासणीने दिली होती. विश्वस्तांची बैठक शुक्रवारी होती.

त्या दिवशी मी दुपारी थांबले आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तिने एका माणसाच्या डोळ्यांचे फोटो उघडले. पडद्याचा वरचा भाग आला, मग जरा खालचा, आणि मग चित्र तसेच अडकून राहिले. ती हातातले पेन खाली ठेवून शांतपणे वाट पाहत होती. ही सवय तिला झाली होती, हे पाहून मला फार वाईट वाटले.

“रोज असंच?”

“दुपारी असंच. पण कोण जाणे, मीही हळू झाले असेन, अक्का. सर म्हणतात तेव्हा मलाही वाटायला लागतं. संध्याकाळपर्यंत डोळे दुखतात, एकच फोटो दोनदा बघते.”

मी संगणकावर कोठाराच्या माहितीचे पान उघडले. दोन्ही पोर्टांची जोडणी चालू, असे वर लिहिले होते. खाली जाऊन पाहिले तेव्हा मात्र एका पोर्टासमोर ‘संपर्क नाही’ असे होते. एक वाढपी घरी गेला होता आणि पंगत दुसऱ्यावर चालली होती. अशी वायर सुटली की कोठार कोणाला तरी कळवते. पण ते कळवत होते कोठार बसवून गेलेल्या तंत्रज्ञाला, आणि तो केव्हाच दुसऱ्या गावी नोकरीला लागला होता. जोडणीचा गुण हाच की एक वायर गेली तरी काम थांबत नाही. काम थांबत नाही म्हणून कोणी वायरीकडे पाहत नाही. जेवणाऱ्यालाच म्हणतात, हा फार हळू जेवतो.

मी यंत्रांच्या खोलीत गेले. स्विचच्या मोठ्या पेटीवर बाकी कुठे ठिपके नव्हते, एक वरच्या कोपऱ्यात आणि दोन नेमके आमच्या दोन पोर्टांच्या डोक्यावर. चंदन घट्ट वाळले होते आणि त्याखाली दोन्ही दिवे झाकले गेले होते. एका वायरीचे टोक अर्धवट बाहेर होते. पुसताना ते हलले असणार, आणि नुसते पाहिले तर बसलेलेच वाटत होते. मी ते दाबले. खट् असा आवाज झाला. चंदन नखाने खरवडले तेव्हा खाली हिरवा दिवा लुकलुकत होता.

वाचनखोलीत परतले तर मैत्रीण संगणकाच्या पडद्याकडे थक्क होऊन पाहत होती. शस्त्रक्रियागृहाचे व्हिडिओ अजून उतरतच होते, तरी फोटो मागितल्याबरोबर येत होते.

“काय केलंत?”

रुग्णालयाबाहेरच्या कॉफीच्या दुकानात गेल्यावर मी तिला सांगितले. पेल्यातून डबऱ्यात, म्हणजे त्याच्या पसरट वाटीत, उतरलेली कॉफी तशीच राहिली.

“ते बोट मीच लावलं,” ती म्हणाली. “बाकी पेटीला एकच लावलं. पण तुम्ही दाखवले होते ना, माझे फोटो जातात ते पोर्ट. म्हटलं, त्यांना वेगळं लावावं. वायरीही मीच पुसल्या, एकेक.”

“मला कळलं ते.”

तिने डबरा बाजूला सरकवला. मग हलक्या आवाजात म्हणाली, “अक्का, सरांना वायर सुटली होती एवढंच सांगा. कुंकवाचं नको. माझं काम काय? लोकांच्या डोळ्यांतले ठिपके शोधायचे. आणि समोरचा दिवा मी स्वतःच्या हाताने झाकला. चेन्नईवाले काय म्हणतील ते सोडा, आपलेच लोक म्हणतील. हिला पेटीवरचा दिवा दिसला नाही, तर पडद्यावरचं काय दिसणार?”

“दिसण्याचा आणि याचा काही संबंध नाही.”

“तुम्हाला माहीत आहे. त्यांना आहे का?”

मला तिचे म्हणणे पटले. निदान त्या वेळी पटले. दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांना दोन वायरी, एकत्र बांधलेले पोर्ट आणि दुपारचा भार हे सारे नीट समजावून सांगितले. जोडणी मंद होती, वाचणारी नव्हे, हे त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, “मी मॅडमना उगाच बोललो.” आणि त्याच श्वासात, “पण वायर सुटली कशी?”

“पूजेच्या वेळी खोली पुसताना हलली असावी.”

यात खोटे काही नव्हते. गणितात अशा उत्तराला मी पूर्ण गुण दिले नसते. पण तेवढेच बोलून मी बाहेर आले.

शुक्रवारी सकाळी रुग्णालयात गेले तर फरशी पुसणाऱ्या आयाम्मा जिन्याखाली बादली घेऊन उभ्या होत्या आणि रडत होत्या. वायर त्यांनीच हलवली असे धरून सरांनी त्यांना बोलावून घेतले होते. यंत्रांच्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, असे सांगितले होते, आणि वरच्या मजल्याचे कामही काढून घेतले होते. “मी त्या खोलीत फक्त फरशी पुसते,” त्या म्हणत होत्या. “त्या पेट्यांना मी हात लावत नाही. मला भीती वाटते त्यांची.”

मैत्रीण माझ्यामागेच जिना चढत होती. तिने हे ऐकले. माझ्याकडे पाहिले नाही, पिशवी खाली ठेवली नाही, सरळ व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. दार उघडेच राहिले, म्हणून मी जे ऐकले ते लिहिते.

“सर, आयाम्मांनी काही केलं नाही. वायरी मी पुसल्या. दिव्यांवर चंदनही मीच लावलं, म्हणून टीचरना बाहेरून दिसलं नाही.”

“दिव्यांवर?”

“त्या दोघांना मुद्दाम लावलं. माझे फोटो जातात म्हणून.”

मग व्यवस्थापक म्हणाले, “आज बैठक आहे, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“म्हणूनच आत्ता आले. नंतर आले असते तर सोपं झालं असतं.”

“मॅडम, मला हे त्यांना सांगावं लागेल.”

“सांगा.”

“ते हसतील.”

“हसू द्या. पण आयाम्मांना वर बोलवा.”

बैठकीत कोण काय बोलले, ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी व्यवस्थापक वाचनखोलीत आले, मैत्रिणीच्या मागे उभे राहिले, आणि तिने एका डोळ्याच्या फोटोवर बोट ठेवून दाखवलेला ठिपका त्यांनाही दिसतो का, हे वाकून पाहू लागले. त्यांना तो दिसला नाही. तिने फोटो मोठा करून पुन्हा दाखवला. मग ते म्हणाले की चेन्नईचे काम तूर्त स्थगित आहे, पुढच्या वर्षी पुन्हा विचार होईल. विश्वस्तांपैकी एक जण खरोखरच हसले, हेही त्यांनी सांगितले. ती म्हणाली, “हसणारच.” आणि पुढचा फोटो उघडला.

कोठाराच्या सूचना आता माझ्या पत्त्यावर येतात, आणि व्यवस्थापकांच्याही. आयाम्मा वरच्या मजल्यावर परतल्या आहेत, पण यंत्रांच्या खोलीची फरशी पुसायला त्या अजून तयार होत नाहीत. ती मी आणि मैत्रीण आळीपाळीने पुसतो. मैत्रिणीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तिच्याच सांगण्यावरून मी अर्धे बोलले होते, असे ती म्हणते, आणि ते खरे आहे. तरीही मला एक गोष्ट सोडत नाही, आणि हे लिहायला बसण्याचे कारणही बहुधा तेच असावे. आयाम्मांवर ठपका आला नसता, तर मैत्रिणीची खोली वाचवणारे ते अर्धे उत्तर मी तसेच राहू दिले असते. तुम्ही माझ्या जागी असता, तर पहिल्याच दिवशी सगळे सांगितले असते का?